वायुदूत बुडाली, ट्रूजेट थांबली. सोलापूरच्या विमानाला विचारायचे प्रश्न कोणते?

९ जूनला सोलापूर-गोवा विमान उडालं आणि होटगी रोडच्या धावपट्टीचे फोटो जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरले. बरोबर तिसऱ्या दिवशी, १२ जूनला, अहमदाबादला एअर इंडियाचं लंडनला निघालेलं विमान पडलं. विमानातल्या २४२ जणांपैकी २४१ गेले, खाली जमिनीवरचे १९ गेले. ज्या ग्रुपवर हार-तुऱ्यांचे फोटो होते तिथंच धुराचे व्हिडिओ आले आणि लोक विचारायला लागले की, आपल्या सोलापूरच्या विमानाचं काय? बसावं का त्यात?

काळजी रास्त आहे. पण अहमदाबादकडं बघून तिचं उत्तर मिळणार नाही. ते शेकडो माणसांचं मोठं बोइंग, मोठं विमानतळ, मोठी कंपनी. सोलापूर, जळगाव, नांदेड, कोल्हापूर अशा गावांना जी विमानं येतात ती छोटी, त्यांच्या कंपन्या छोट्या आणि त्यांचे धोकेही वेगळे. त्याचा इतिहास बघायचा तर एक जुनं नाव काढावं लागतं. त्या नावाचा एक धागा थेट आपल्या उजनीच्या पाण्यापर्यंत येतो. ते नाव म्हणजे वायुदूत.

आज चाळिशीच्या आत असलेल्यांना हे नाव माहीत असण्याचं कारण नाही. वायुदूत ही सरकारी विमान कंपनी होती. इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया या दोन सरकारी कंपन्यांनी मिळून २० जानेवारी १९८१ ला ती काढली आणि २६ जानेवारीला तिची विमानं उडायला लागली. मूळ हेतू ईशान्य भारतापुरता होता. आसाम, मेघालय, अरुणाचल या भागात डोंगर आणि नद्या एवढ्या की शंभर किलोमीटरला दिवस जातो. तिथल्या माणसाला गुवाहाटी-कोलकात्यापर्यंत पोहोचवायचं, एवढंच तिचं काम. हेतू चांगला होता, याबद्दल वाद नाही.

पण विमान ही गोष्ट अशी आहे की एका जिल्ह्याला मिळालं की शेजारच्याला पाहिजे. ईशान्येत सुरू झालेली कंपनी देशभर पसरायला लागली. खासदार मागणी करायचे, मंत्री होकार द्यायचे, नकाशावर आणखी एक ठिपका पडायचा. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा शंभराच्या आसपास गावांची नावं तिच्या यादीत होती. विमानं मात्र त्या मानानं मूठभर. त्यात फोकर आणि ॲव्हरो ही जुन्या पद्धतीची पंख्याची विमानं होती आणि १९ सीटची डॉर्निअर होती. डॉर्निअर मूळ जर्मन. नंतर ती आपल्याकडं कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बनायला लागली.

हे गणित का बसत नाही, ते वडापवाल्याला लगेच कळेल. जीप भरली तरच डिझेल सुटतं. आता त्या जीपला दोन ड्रायव्हर कंपल्सरी आहेत, ते दोघंही लाखात पगार घेणारे आहेत, स्पेअर पार्ट परदेशातून येतात आणि सीट फक्त १९ आहेत असं धरा. मोठ्या विमानातही पायलट दोनच लागतात, पण तो खर्च १८० सीटवर वाटला जातो. छोट्या विमानात प्रत्येक सीटवर खर्चाचा बोजा जास्त, आणि गाव छोटं म्हणून तिकीट जास्त लावता येत नाही. त्यातून आज सात माणसं, उद्या चार. तोटा साचत गेला, तो भरायला सरकार होतं, पण सरकारचीही एक हद्द असते. तोट्यातली कंपनी पहिली कात्री कुठं लावते, हे दूध संघापासून सूतगिरणीपर्यंत सगळं बघितलेल्या माणसाला सांगायला नको.

अकरा महिन्यांत ४५ जीव

१९ ऑक्टोबर १९८८. सकाळी मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग अहमदाबादला उतरताना धावपट्टीच्या अलीकडं कोसळलं. १३० पेक्षा जास्त माणसं मेली. त्याच दिवशी, हो, त्याच दिवशी, आसामात सिलचरहून गुवाहाटीला निघालेलं वायुदूतचं फोकर विमान खराब हवेत उतरण्याच्या तयारीत असताना डोंगराळ भागात आदळलं. आतले ३४ च्या ३४ जण गेले.

देशाला त्या दिवसाचं काय आठवतं? अहमदाबाद. गुवाहाटीचं नाव आसामबाहेर फार कुणी काढत नाही. छोट्या मार्गावरची माणसं बातमीतही मागच्या सीटवरच बसतात.

वर्ष पुरं व्हायच्या आत, २३ सप्टेंबर १९८९ ला, वायुदूतचं डॉर्निअर विमान पुण्याहून हैदराबादला निघालं होतं. ते इंदापूरजवळ उजनीच्या बॅकवॉटरमध्ये पडलं. विमानात ११ जण होते, एकही वाचला नाही. इंदापूर, करमाळा, दौंडच्या काठावरची साठी ओलांडलेली माणसं असतील, त्यांना ते दिवस आठवत असतील. ज्या पाण्याखाली पळसदेवचं जुनं मंदिर आहे, जुनी गावं आहेत, त्याच भीमेच्या पाण्यात ते विमान गेलं.

३४ आणि ११ मिळून ४५. अकरा महिन्यांत, एका छोट्या कंपनीची दोन विमानं, आणि दोन्हीतून जिवंत कुणी बाहेर आलं नाही.

इथं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. डॉर्निअर वाईट विमान नाही. आपलं नौदल आणि तटरक्षक दल ते वर्षानुवर्षं वापरतं. २०२२ मध्ये कानपूरला बनलेलं नवं डॉर्निअर आसामातल्या दिब्रुगडहून अरुणाचलच्या पासीघाटला प्रवासी घेऊन उडालं, म्हणजे वायुदूतचंच मूळ काम चाळीस वर्षांनी पुन्हा सुरू झालं. पण या विमानाला मर्यादा आहेत. त्याच्या केबिनमध्ये मोठ्या विमानासारखा हवेचा दाब राखता येत नाही, त्यामुळं ते साधारण दहा हजार फुटांच्या आसपासच उडतं. मोठं जेट तीस-पस्तीस हजार फुटांवर जातं, बऱ्याच वाईट हवेच्या वरून निघून जातं. छोटं विमान पावसाळी ढगांच्या उंचीतच असतं, त्याला ढग चुकवत जावं लागतं. मग पायलटला पुढची हवा आधी कळायला पाहिजे, उतरायच्या गावात हवामानाचं यंत्र पाहिजे, खाली मार्ग दाखवणारी रेडिओ यंत्रणा पाहिजे. मुंबई-दिल्लीत हे सगळं होतं. वायुदूत जिथं उतरायची त्यातल्या कित्येक गावांत धावपट्टी, एक खोली आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, यापलीकडं फार काही नसायचं.

म्हणजे ज्या विमानाला जमिनीवरून मदत जास्त लागते, तेच विमान मदत कमी असलेल्या गावाला पाठवलं जात होतं. वायुदूतच्या सगळ्या कारभारातली मुख्य गोम हीच म्हणावी लागेल. ठिकाणं वाढवायचा निर्णय दिल्लीत एका सहीनं व्हायचा. यंत्रं, माणसं, वर्कशॉप एका सहीनं उभं राहत नाही.

न बसवलेले बोल्ट

१९९३ मध्ये सरकारनं वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करायचं ठरवलं. डॉर्निअर विमानं आणि ती सांभाळणारा विभाग तिकडं गेला, त्याला नाव मिळालं कमी पल्ल्याच्या उड्डाणांचा विभाग. १९९७ पर्यंत वायुदूत हे नाव पुसलं गेलं. कागदावर कंपनी संपली. पण कामाची पद्धत कागदाबरोबर संपत नाही.

३० जुलै १९९८ ला केरळात कोचीच्या नौदलाच्या विमानतळावरून एक डॉर्निअर तिरुवनंतपुरमला जायला उडालं. लक्षद्वीपमधल्या अगत्तीहून ते आलं होतं. अलायन्स एअर या इंडियन एअरलाइन्सच्या उपकंपनीच्या नावानं ती फेरी होती. उडाल्या उडाल्या विमानाचं नाक वर-वर जायला लागलं, वेग मेला आणि ते तिथल्याच एका इमारतीवर कोसळलं. आतले सहाही गेले, खालचे तीन गेले.

चौकशीत जे निघालं ते वाचून गॅरेजमध्ये काम केलेल्या कुणाच्याही अंगावर काटा येईल. विमानाच्या शेपटीला जो आडवा पंख असतो, त्याचा कोन कमी-जास्त करणारं एक यंत्र असतं. ते यंत्र ज्या आधारावर बसतं, तो आधार पक्का धरणारे ठरावीक बोल्ट बसवलेलेच नव्हते. आधार निसटला, पंखाची पुढची कड आपोआप खाली गेली, नाक वर गेलं. पायलटनं काहीही केलं तरी उपयोग नव्हता. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडताना पिन घातली पण तिला लॉकच लावलं नाही, तसला प्रकार. फरक एवढाच की ट्रॉली सुटली तर रस्त्याकडेला जाते. चौकशी अहवालात कमी पल्ल्याच्या उड्डाण विभागातल्या देखभालीच्या वाईट पद्धतीचा अपघाताला हातभार लागला, असं स्पष्ट नोंदवलं गेलं.

वायुदूतचा सुरक्षेचा हिशेब मांडताना हा अपघात बहुतेक ठिकाणी वेगळा धरला जातो, कारण तेव्हा कंपनीचं नाव बदललेलं होतं. तो वेगळा धरू नये. विमानाचा प्रकार तोच, विभाग तोच. १९८९ मध्ये उजनीत विमान पडलं आणि त्यानंतर नऊ वर्षांनी देखभालीची ही अवस्था होती, याचा अर्थ मधल्या काळात दुरुस्ती कंपनीच्या पाटीची झाली, वर्कशॉपची झाली नाही.

सुरक्षित होती, तरी बुडाली

आता दुसरी कंपनी घेऊ, म्हणजे चित्र एकतर्फी राहणार नाही. ट्रूजेट हैदराबादची. २०१५ मध्ये सुरू झाली. ७० च्या आसपास सीटची एटीआर विमानं वापरायची. ही विमानं पंख्याचीच, पण केबिनमध्ये हवेचा दाब राखणारी आणि डॉर्निअरपेक्षा खूप पुढची. केंद्राची उडान योजना आली आणि २७ एप्रिल २०१७ ला पंतप्रधानांनी पहिल्या विमानांना झेंडा दाखवला, त्यात सिमला-दिल्लीबरोबर ट्रूजेटचं नांदेड-हैदराबादही होतं. पुढं जळगाव, कोल्हापूरकरांनीही ट्रूजेट बघितली. तिच्या नावावर जीवघेणा अपघात एकही नाही. तरीही फेब्रुवारी २०२२ मध्ये ती बंद पडली. कोरोनानं कंबरडं मोडलं, कर्मचाऱ्यांचे पगार थकले, नवा पैसा वेळेत आला नाही.

त्याच काळात एअर डेक्कन या जुन्या नावानं १८-१९ सीटची विमानं जळगाव आणि नाशिकला आली होती. डिसेंबर २०१७ मध्ये गाजावाजा झाला, मग फेऱ्या कधी असायच्या कधी नसायच्या, आणि एप्रिल २०२० मध्ये कंपनीनंच हात वर केले.

तर विमान पडलं नाही म्हणून कंपनी टिकते असं नाही. याच्या उलटा धोका मात्र खरा आहे. पैसा आटलेली कंपनी उडत राहिली तर पुढंमागं तिच्या देखभालीवर ताण येतोच. ट्रूजेट थांबली यात नांदेडचं नुकसान झालं हे खरं, पण पैसे नसताना थांबणं हे पैसे नसताना उडत राहण्यापेक्षा कितीतरी बरं. वायुदूतला हे सुख नव्हतं. ती सरकारी होती, थांबायचं म्हटलं की कुणीतरी खासदार उभा राहायचा.

उडान योजनेचं चित्र काय होतं ते कॅगनं २०२३ च्या अहवालात मांडलंय. ७७४ मार्ग वाटले गेले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. ३७१ सुरू झाले, पण तीन वर्षांची अनुदानाची मुदत फक्त ११२ मार्गांनी पुरी केली. अनुदान संपल्यावर, मार्च २०२३ पर्यंत, चालू राहिलेले मार्ग किती? ५४. म्हणजे शंभर मार्गांतले सात. पेरलेलं बी एवढंच उगवलं असतं तर शेतकऱ्यानं कृषी केंद्राच्या दारात ठिय्या मांडला असता.

चिमणी गेली, विमान आलं

सोलापूरकडं येऊ. इथल्या शेतकऱ्यानं या विमानाची किंमत आधीच मोजलीय. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची, नव्वद मीटरच्या आसपास उंचीची को-जनरेशनची चिमणी विमानाच्या वाटेत येते म्हणून १५ जून २०२३ ला पाडली. सभासद रस्त्यावर आले होते, कोर्टकचेऱ्या झाल्या होत्या, तरी पाडली. त्यानंतर विमान यायला जवळपास दोन वर्षं गेली. सुधारलेल्या विमानतळाचं उद्घाटन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं आणि फ्लाय ९१ चं पहिलं विमान जून २०२५ मध्ये. मुंबईचं विमान तेव्हा यायचंच होतं, आणि जिल्ह्याला खरी गरज मुंबईचीच आहे. गोव्याला हौसेनं जातात, मुंबईला कामासाठी जावं लागतं. यापूर्वी किंगफिशरही सोलापूरला काही काळ येऊन गेली आणि पुढं ती कंपनीच राहिली नाही, हेही विसरायला नको.

चिमणी पाडली ती चूक का बरोबर, हा वाद इथं उकरायचा नाही. विमान उतरायच्या वाटेत उंच अडथळा नको, हा नियम जगभर आहे आणि तो जीव वाचवण्यासाठीच आहे. पण सुरक्षेच्या नावावर शेतकऱ्याच्या कारखान्याला जी शिस्त लावली, तीच शिस्त बाकीच्या गोष्टींना लागलीय का, हे विचारायचा हक्क त्या सभासदांना मिळालाय. धावपट्टीवर कुत्री, डुकरं येऊ नयेत म्हणून भिंत सलग आहे का? ढग खाली आले तर विमान उतरवायला यंत्रणा काय आहे, की दिसलं तर उतरा, नाही तर परत जा? हवामान मोजणारं यंत्र चोवीस तास चालू असतं का? अग्निशमन गाडीवर माणसं पुरेशी आहेत का?

परत जाण्यावरून आठवलं. हवा खराब म्हणून विमान रद्द झालं की प्रवासी विमानतळावर राडा घालतात, व्हिडिओ काढतात, कंपनीला शिव्या देतात. तिकिटाचे पैसे मागावेत, जेवण मागावं, जरूर मागावं. पण पायलटनं उडायला नकार दिला म्हणून त्याच्यावर ओरडू नये. गुवाहाटीच्या त्या फोकरसारखी विमानं अशाच हवेत डोंगरावर गेलीत.

थोडं गावाच्या बाजूनंही बोललं पाहिजे. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरं कापून घाण टाकणं आणि कचरा टाकणं कायद्यानं बंद आहे, कारण त्यावर घारी आणि गिधाडं येतात आणि पक्षी इंजिनात गेला की इंजिन जातं. आसपासच्या किती ग्रामपंचायतींनी आपला कचरा कुठं पडतो ते तपासलंय? उंच बांधकाम किंवा टॉवर उभारायचा तर विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो. चिमणीच्या वेळी जी धावपळ झाली ती टाळायची तर बांधायच्या आधी विचारलेलं बरं, पाडायच्या वेळी नुकसान आपलंच असतं. लग्नात लेझर लाईट आकाशात सोडायची टूम निघालीय, उतरणाऱ्या पायलटच्या डोळ्यावर ती गेली तर त्याला काही क्षण दिसत नाही. ड्रोनचंही तेच.

वायुदूतच्या काळात आणि आता, एक मोठा बदल झालाय आणि तो मान्य करायला हवा. तेव्हा विमानांना परवानगी देणारं आणि अपघाताची चौकशी बघणारं खातं एकच होतं, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. आपल्याच पोरानं केलेल्या चुकीची चौकशी बापानं करावी तसं ते होतं. २०१२ मध्ये अपघात तपासासाठी वेगळा विभाग झाला. त्याचे अहवाल आता कुणालाही मोबाईलवर वाचता येतात. अहमदाबादच्या अपघाताचा प्राथमिक अहवाल महिनाभरात, १२ जुलैला, लोकांसमोर आलाही. उजनीच्या वेळी इंदापूरच्या माणसाला असं काही वाचायला मिळणं शक्यच नव्हतं.

पण तपासणी करणाऱ्या त्याच महासंचालनालयात निम्म्याच्या आसपास मंजूर पदं रिकामी होती, हे संसदेच्या समितीनं २०२५ मध्ये सांगितलंय. उडानमुळं विमानतळ वाढले, मार्ग वाढले, विमानं वाढली, आणि ती तपासणारी माणसं निम्मी. ठिपके वाढवायचे आणि माणसं नंतर बघू म्हणायचं, ही वायुदूतचीच जुनी सवय आहे, फक्त आता ती कंपनीच्या ऐवजी सरकारी ऑफिसात बसलीय. तलाठ्याकडं चार सजांचा कारभार असला की सातबाऱ्याचं काय होतं ते प्रत्येक खातेदाराला माहीत आहे. विमानाचा सातबारा चुकला तर तो दुरुस्तीला टाकता येत नाही.

सोलापूर-गोवा विमान एटीआर आहे, कंपनी नवी आहे आणि आतापर्यंत तिच्या नावावर वाईट काही नाही. त्यामुळं घाबरून तिकीट रद्द करायचं कारण नाही. जिल्ह्याच्या खासदारांनी संसदेत विमानाचे प्रश्न विचारावेत, ते विचारणारच. त्याच प्रश्नाच्या कागदावर आणखी दोन ओळी लिहाव्यात. सोलापूरच्या विमानतळावर उतरण्याची यंत्रणा आणि रात्रीच्या उड्डाणाची सोय नेमकी कुठल्या तारखेपर्यंत होणार, आणि महासंचालनालयातली रिकामी पदं कधी भरणार. लेखी उत्तर मिळतं. ते वेबसाईटवर येतं आणि व्हॉट्सॲपवर टाकताही येतं.